सोप्या मराठीतला चुकीचा कायदा

अवघड मराठीत केलेली चूक कुणाला सापडत नाही, हे सरकारी नोकरीतलं सगळ्यात मोठं संरक्षण आहे. मी ते स्वतःच्या हातानं काढून टाकलं आणि मग चुकलो. साध्या, सोप्या, गिरणीत दळण घेऊन आलेल्या माणसालाही कळेल अशा मराठीत चुकलो. त्यापायी एका बाईचं शेत हातचं जायची वेळ आली होती. तेवढंच सांगायला बसलोय. बाकीची नोकरी पेन्शनच्या फायलीत आहे; ज्याला हौस असेल त्यानं तिकडं जाऊन वाचावी.

मी तहसील कार्यालयात अव्वल कारकून होतो. कुठल्या, ते सांगत नाही. धाराशिव जिल्ह्यात आठ तालुके आहेत, आठांनीही 'हे आपलं नव्हे' असं समजून पुढं वाचावं.

कायदा कुठं असतो, असं त्या काळात कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, डाव्या हाताच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर. खरंच तिथं असायचा. महसूल संहितेचं आमचं पुस्तक मूळचं दोन बोटं जाड. पण सरकार अधूनमधून कायद्यात दुरुस्ती करतं, आणि दुरुस्ती आली की जुन्या कलमावर नवी चिठ्ठी चिकटवायची अशी आमच्याकडची रीत. चिठ्ठीवर चिठ्ठी, तिच्यावर आणखी एक. शेवटी पुस्तक फुगून मिटेनासं झालं, त्यावर मी एक दगड ठेवला होता. कुठल्या कलमावर वरची चिठ्ठी खरी आणि कुठं ती चुकून उलटी चिकटलीय, हे सगळ्या तालुक्यात फक्त मला माहीत होतं. ह्याचा मला लई अभिमान. लोक सकाळी येऊन दुपारपर्यंत माझ्या टेबलासमोर उभे राहायचे, आणि मी दगड बाजूला करून पुस्तक उघडलं की देवळाचं दार उघडल्यासारखे पुढं सरकायचे.

त्यात आमच्या मराठवाड्याची आणखी एक गंमत. पुण्याचा पाहुणा येऊन कूळकायदा समजावून सांगणार, पण तो कायदा असतो मुंबई राज्याचा. आमच्या जमिनींना निजामाच्या मुलखातून आलेला हैदराबादचा कूळकायदा. कलमं वेगळी, अर्ज वेगळा. असे पाहुण्याच्या सल्ल्यानं लिहिलेले अर्ज आले की मी ते दोन बोटांत धरून परत द्यायचो आणि कारण सांगायचो नाही. ते हेलपाटे आज आठवले की मान खाली जाते. तेव्हा मात्र वर असायची.

मग नव्या तहसीलदार मॅडम आल्या. त्यांच्या वयापेक्षा माझी नोकरी मोठी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी व्हरांड्यात बसलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, कधीपासून बसलात? तो म्हणाला, पहिल्या गाडीनं आलो. काम काय, तर बाप वारल्यावर सातबाऱ्यावर नाव लावायला कुठला कागद लागतो एवढंच विचारायचं होतं. मॅडमनी मला आत बोलावलं. मला वाटलं, आता झापणार. त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुम्ही दिवसभर जे तोंडानं सांगता, ते एकेका विषयाला एकेक पान असं लिहून काढा. पण तोंडानं सांगता तसंच लिहा. परिपत्रक नको."

काय सांगू, त्या दिवशी मी जेवलो नाही. नळदुर्गला शाळेत असताना मी गणपतीत नाटकं लिहायचो. त्यानंतर उभ्या आयुष्यात कुणी मला 'लिहा' म्हटलं नव्हतं. 'सादर करा', 'अहवाल द्या', 'खुलासा करा' म्हटलं होतं. मी संध्याकाळपर्यंत वारसनोंदीचं पान लिहिलं, पिवळ्या कागदावर छापून आणलं आणि ऑफिसच्या नोटीस बोर्डात लावून काचेला कुलूप घातलं. पंधरा दिवस एकानंही वाचलं नाही. कारण शोधायला गेलो तर मी ते एका जुन्या लिलावाच्या नोटिशीमागं लावलं होतं. आणि काचेच्या कुलपाची किल्ली मीच आत विसरलो होतो.

पण त्या काचेपुढं उभं राहून मला एक गोष्ट कळली. नोटीस बोर्डापुढं कुणी थांबतच नाही. माणूस थांबतो कुठं? पिठाच्या गिरणीत नंबर येईपर्यंत थांबतो. दूध घालायला डेअरीवर थांबतो. रेशनच्या रांगेत, एसटीच्या थांब्यावर थांबतो. म्हटलं, कायदा तिथं लावायचा. आमचे शिपाई महेबूबभाई यांची फटफटी, मागं मी, मांडीवर पिवळ्या कागदांचा गठ्ठा आणि हातात चिकटवायच्या खळीचा डबा. पन्नाशी उलटलेला मी कारकून उन्हातान्हात भिंतींवर कागद डकवत फिरत होतो आणि इतका खूश होतो की बायको म्हणाली, निवडणुकीला उभे राहताय काय?

महेबूबभाई माझे नुसते सारथी नव्हते, परीक्षकही होते. पान लिहिलं की मी त्यांना वाचून दाखवायचो. त्यांना जिथं कळलं नाही तिथं ते 'म्हंजे?' म्हणून एक बोट वर करायचे. तीन बोटं झाली की पान फाडायचं, असा आमचा करार. 'वहिवाट' म्हटलं, एक बोट. 'हितसंबंधित' म्हटलं, दुसरं. मी चिडायचो. ते शांतपणे म्हणायचे, "भाऊसाहेब, मला रागावून काय फायदा? मी तुमच्यासंगं वीस साल हाय. मलाच कळना, तर गिरनीत कोन कळून घेनार?"

अशी आठ-दहा पानं झाली. आणि मग आलं रस्त्याचं पान.

आमच्याकडं शेताच्या वाटेवरून जितकी डोकी फुटली, तितकी जमिनीवरूनही फुटली नसतील. कायदा मात्र सरळ आहे. वाटेच्या भानगडी दोन जातीच्या. पहिली: पूर्वीपासून वाट होती आणि शेजाऱ्यानं ती नांगरली, नाहीतर काटे टाकून बंद केली. ह्याला मामलतदार न्यायालयाचा जुना कायदा. तहसीलदार अडथळा काढायला लावतात, पण वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागायला हवी. दुसरी: शेताला वाटच नाही. ह्याला महसूल संहितेचं एकशे त्रेचाळीस कलम. बांधावरून नवी वाट मागता येते, आणि ती मागायला मुदत नाही. फक्त तहसीलदारांचा निकाल ज्याला पटला नाही, त्याला एका वर्षाच्या आत दिवाणी कोर्टात जाता येतं. संपलं. एवढंच मला एका पानात बसवायचं होतं.

मी वाचलं, आणि महेबूबभाईंचा अख्खा पंजा वर. सहा महिने कुणाला, वर्ष कुणाला आणि मुदत नाही ती कुणाला? मी पुन्हा लिहिलं. पुन्हा पंजा. चौथ्या वेळी मी इरेला पेटलो. एक वाक्य कापलं, दोन जोडली, तिसऱ्याचं शेपूट पहिल्याला लावलं. आणि वाचलं: "वाट अडवली? घाबरू नका. एका वर्षाच्या आत तहसीलदारांकडं अर्ज करा."

महेबूबभाईंचा हात मांडीवरच. एक बोट नाही. मी पुन्हा वाचलं. तरी नाही. आमच्या सगळ्या पानांत पहिल्यांदाच एकही बोट वर आलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की कुंथलगिरीचे पेढे आणून मी सगळ्या ऑफिसला वाटले. पुस्तक उघडून ताळा घ्यावा, हे डोक्यातसुद्धा आलं नाही. उघडायला दगड उचलावा लागला असता ना.

ते पान भलतंच चाललं. लोकांनी फोटो काढून एकमेकांना पाठवलं. आणि पुढच्या माघात, सुभद्राबाईंची सुनावणी लागली.

सुभद्राबाई चाळिशीच्या, चौथी शिकलेल्या. नवरा पुण्याला वॉचमन, तीन एकर रान बाई एकट्या बघायच्या. शेताला जायची वाट शेजारच्या रंगरावाच्या रानातून, सासऱ्याच्या आधीपासूनची. मागच्या पेरणीच्या तोंडाला रंगरावानं ती नांगरून टाकली आणि तोंडाला बाभळीच्या फांद्या रचल्या. वर बाईंना निरोप धाडला, वाटच न्हाय तर रान ठिवून काय करतीस, मला देऊन टाक. भाव त्यानंच ठरवला होता. बाईंनी सोयाबीनची पोती बांधाबांधानं डोक्यावर वाहून रस्त्याला आणली, पण रान दिलं नाही.

सुनावणीत रंगरावाचे वकील उठले. फार बोललेच नाहीत. म्हणाले, वाट बंद होऊन आठ महिने झाले असं अर्जदारच म्हणतायत, मुदत सहा महिन्यांची, अर्ज फेटाळावा. आणि बसले.

सुभद्राबाई घाबरल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पिवळा कागद काढला, घडी उलगडली आणि मॅडमच्या टेबलावर ठेवला. "हे वाचा बाईसाहेब, सरकारी हाय. वरीस दिलंय. माझं पीक उभं हुतं, तवा भांडन काढलं असतं तर ह्यानं पिकात जनावरं घातली असती. म्हनलं, कागदात वरीस हाय, सोयाबीन येऊ द्यावं, मागनं तूर बी घरात येऊ द्यावी, मग जावं. न्हाय तर म्या दुसऱ्या दिशीच आले असते की."

मॅडमनी कागद वाचला. मग माझ्याकडं बघितलं. वाचकहो, इतकी वर्षं नोकरी करून मी त्या क्षणी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "छपाईची चूक असावी, मॅडम."

मॅडमनी कागद बाईंना परत दिला. निकाल राखून ठेवला. बाई कागदाची पुन्हा घडी घालायला लागल्या. त्यांना अजून कळलं नव्हतं की तो कागद त्यांच्याच विरुद्ध गेलाय. मी मात्र तिथून जो सटकलो, तो सरळ कपाटाकडं. दगड फेकला, पुस्तक उघडलं. सहा महिने. चिठ्ठीसुद्धा नव्हती वर. कोऱ्या करकरीत मूळ छपाईत सहा महिने.

मग मला एकच सुचलं: कागद फाडायचे. महेबूबभाईंना म्हटलं, फटफटी काढा. त्यांनी कारण न विचारता किक मारली. पहिल्या दोन गावांत डेअरीवर कुणी नव्हतं, फाडले. तिसऱ्या गावात थांब्यावरच्या माणसांनी मला धरलं. सरकारी कागद फाडणं गुन्हा आहे म्हणे. मी म्हटलं, कुणी सांगितलं? त्यांनी शेजारच्या पिवळ्या कागदाकडं बोट केलं. तोही मीच लिहिला होता.

चौथं गाव सुभद्राबाईंचं. गिरणीवाले आप्पा दळण सोडून दारात आडवे झाले; मी कागद लावला तेव्हा ते गिरणीत नव्हते, म्हणून मला ओळखत नव्हते. पांढऱ्या भुवया, पांढरे हात, आणि कागदाला नख लावू देईनात. सुभद्राबाई सोडून आणखी तीन जणांनी ह्या कागदावर अर्ज केलेत, ते म्हणाले. बाया दळण घेऊन येतात ते कागद वाचायला येतात. सुभद्राबाईंनी तर त्यातला एक मागून नेऊन जपून ठेवलाय. "तू कोन फाडनारा?" त्यांनी विचारलं. "रंगरावाचा मानूस हाईस का काय?"

जमलेल्या बायकांनी माझ्याकडं जे बघितलं, ते बघून माझं तोंड आपोआप उघडलं. म्हटलं, मी हा कागद लिहिणारा माणूस आहे. आणि हा कागद चुकीचा आहे.

आप्पांनी जाऊन गिरणी बंद केली. पट्टा थांबला, एकदम शांतता. मला वाटलं, आता मार बसतो. पण आप्पा म्हणाले, "मग बरुबर काय हाय, ते सांग."

मी सांगायला लागलो आणि त्यांना कळेना. कळणार कसं, महेबूबभाईंनाही कळलं नव्हतं. तेव्हा मी खाली बसलो, जात्याभोवती सांडलेलं पीठ हातानं सारखं केलं आणि बोटानं रान काढलं. हे रंगरावाचं, हे मागं सुभद्राबाईंचं. ही रंगरावाच्या रानातून जाणारी जुनी वाट. ती अडवली की सहा महिने. आणि हा दोन रानांचा बांध, वळसा घेऊन रस्त्याला लागतो. ज्याला वाटच नाही, त्यानं बांधावरून मागायची. त्याला मुदत नाही. बाया वाकून बघायला लागल्या. एकीनं बोटानं स्वतःचं रान शेजारी काढलं आणि विचारलं, मग माझ्या बांधाचं काय? दुसरी म्हणाली, थांब गं, आधी हे कळू दे. असं वाकून वाकून कायदा बघणारी माणसं मी आयुष्यात पाहिली नव्हती. मी कपाळावरचा घाम पुसला तर कपाळावरही पीठ. इतकं बेभान होऊन मी कधी बोललो नव्हतो, नाटकातसुद्धा नाही.

तेवढ्यात बायकांमधून सुभद्राबाई पुढं आल्या. एसटीनं उतरून घरी निघालेल्या, गर्दी बघून थांबलेल्या. किती वेळ उभ्या होत्या देव जाणे. मला त्यांची माफी मागायची होती. शब्द जुळवत होतो. त्यांनी ती वेळच दिली नाही. खाली बसल्या, पिठातल्या जुन्या वाटेवर हात फिरवला आणि ती पुसून टाकली.

"ही त्यानं नांगरली. ही आता न्हाय," त्या म्हणाल्या. "म्हंजे मला वाटच न्हाय. मग म्या ह्या दुसऱ्यातच बसते की, सायेब. बांधावरनं मागते. त्याला मुदत कुटंय?"

कपाटातलं ते फुगलेलं पुस्तक माझ्या ताब्यात, आणि दुपारपासून मी फक्त कागद फाडत सुटलो होतो. रस्ता शोधला तो चौथी शिकलेल्या बाईनं, माझ्याच बोटांनी काढलेल्या पिठात.

तिथंच आप्पांच्या उधारीच्या वहीचं मागचं पान फाडून मी त्यांचा अर्ज लिहिला. ऑफिस सुटायच्या आत परत आलो आणि मॅडमच्या खोलीत गेलो. सांगितलं, चूक छपाईची नव्हती, माझी होती. त्यांनी माझ्या कपाळाकडं बघितलं, पण पिठाचं विचारलं नाही. म्हणाल्या, "हे सकाळी त्या बाईसमोर म्हणायला हवं होतं." मी म्हटलं, गावात म्हणून आलोय. दुसऱ्या दिवशी मला कारणे दाखवा नोटीस मिळाली, आणि सोबत तोंडी हुकूम: पानं बंद करायची नाहीत, दुरुस्त पान आठ दिवसांत प्रत्येक भिंतीवर हवं, आणि इथून पुढं प्रत्येक पानाखाली लिहिणाऱ्याचं नाव. महेबूबभाई म्हणाले, नाव घालायचं तर आता तुमीच पुस्तक उघडून बगत जाल. तसंच झालं. ज्या तिघांनी त्या कागदावर अर्ज केले होते, त्यांच्या घरी मी स्वतः गेलो. दोघं मुदतीत होते. तिसरा नव्हता, आणि त्याला बांधाचाही उपयोग नव्हता. तो अजून दिवाणी कोर्टाच्या तारखा करतोय. रस्त्यात भेटला की मला नमस्कार करतो. त्यानं करू नये असं मला वाटतं.

सुभद्राबाईंचा जुना अर्ज मुदतीबाहेर म्हणून फेटाळला गेला. नव्या अर्जावर मॅडम स्वतः स्थळपाहणीला आल्या, उन्हात दोन्ही रानं फिरल्या, पंचनामा झाला आणि बांधावरून गाडीवाट मंजूर झाली. जुनी वाट सरळ होती. ही वळसा घेऊन जाते, आणि पावसाळ्यात खालच्या अंगाला चिखल होतो. सहा महिन्यांत दाद मागितली असती तर त्यांना सरळ वाट परत मिळाली असती. तो वळसा माझा आहे.

वाट आखायला गेलो त्या दिवशी रंगराव बांधावर उभा होता. चुना टाकून झाला तसा तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, वकील तालुक्याला असतोय, तुमीच सांगा, मला आता काय करता येतं? सुभद्राबाई चार हातांवर उभ्या होत्या. मी सांगितलं, वरच्या साहेबांकडं अपील करता येतं, त्याची मुदत कमी आहे. नाहीतर दिवाणी कोर्टात जाता येतं, त्याला आजपासून एक वर्ष. तो मान हलवून गेला. बाई माझ्यावर जाम भडकल्या. "त्याला कामून सांगितलं?" मी म्हटलं, विचारल्यावर सांगावं लागतं, आणि ह्या वेळी बरोबर सांगितलंय. त्या दिवशी त्या मला पाणीसुद्धा विचारायच्या राहिल्या.

ते वर्ष मी मोजून काढलं. दरम्यान रिटायर झालो, तरी ऑफिसात जाऊन विचारायचो, रंगरावाचं काही आलं का? नाही. मग एक दिवस राहवेना, महेबूबभाईंना घेऊन शेतावरच गेलो. सुभद्राबाई खुरपत होत्या. मला बघून हसल्या, म्हणजे राग गेला होता. मी म्हटलं, मुदत संपत आलीय, अजून चार दिवस आहेत, सावध राहा. त्यांनी खुरपं खाली ठेवलं आणि बांधाकडं मान वळवली.

बांधावरून एक ट्रॅक्टर येत होता, मागं उसाची ट्रॉली. वर रंगराव बसलेला. बाईंच्या पलीकडचा त्याच्या भावाचा तुकडा त्यानं मधल्या काळात घेतला होता, आणि तिकडचा ऊस बाहेर काढायला ह्या बांधाशिवाय वाटच नव्हती. आमच्याजवळून जाताना त्यानं ट्रॅक्टर हळू केला, बाईंच्या पिकावर माती उडू नये म्हणून, आणि माझ्याकडं न बघता पुढं गेला.

सुभद्राबाईंनी खुरपं परत उचललं.

"त्यो कोर्टात जायाचा न्हाय, सायेब," त्या म्हणाल्या. "जायाला बी हीच वाट लागती त्याला."